ऱ्हाईन नदीची सोसायटी

स्मरणिका समितीतली तरुण मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." त्यांच्या मनात सोसायटीचा इतिहास असावा. पण तो अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांच्या मनोगतात येणारच आहे. शिवाय पंचवीस वर्षांत कोण कोणाशी का बोलत नव्हतं, हे सगळं छापणं बरं नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्या काळात लिहिलं ते कर्जप्रस्तावांवरचे शेरे आणि ऑडिटच्या हरकतींवरचे खुलासे. इतिहास वाचायची हौस मात्र आहे. तेव्हा मी एका नदीबद्दल लिहिणार आहे, आणि ती नदी आपल्याकडची नाही, युरोपातली आहे. आपल्याशी तिचा संबंध काय, हे सांगायला बी विंगमधल्या गळतीपासून सुरुवात करावी लागेल.

जुन्या सभासदांना आठवत असेल. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या बेडरूमच्या छतात पाणी उतरत होतं. वरचे म्हणायचे, पाइप सामाईक आहे, खर्च सोसायटीचा. सोसायटी म्हणायची, हा तुमचा आपसातला मामला, दोघांनी बघून घ्या. खालचे बिचारे बादली लावून बसलेले. अडीच वर्षं गेली. पत्रांची फाइल जाड झाली. मी तेव्हा खजिनदार होतो, म्हणून ती माझ्याच कपाटात होती. शेवटी खालच्या मजल्यावरचे गृहस्थच सभेत उठून म्हणाले, "तिसरा हिस्सा मी देतो, पण काम सुरू करा." ज्याचं नुकसान झालं त्यानेच पैसे पुढे केले! मला ते फार अन्यायाचं वाटलं होतं आणि मी सभेत तसं बोललोही होतो. पुढे ऱ्हाईनचा इतिहास वाचताना जवळजवळ हाच हिस्सा पुन्हा समोर आला, तेव्हा मी चमकलो.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे स्वित्झर्लंडला, बाझल शहरात दोन महिने होतो. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तिथली माणसं कपडे एका वॉटरप्रूफ पिशवीत कोंबतात, पिशवीचं तोंड गुंडाळून बंद करतात आणि ती पोटाशी धरून सरळ नदीत उतरतात. प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि घराजवळच्या पायऱ्यांवर बाहेर यायचं. आमच्या सौ. ना हे काही पटलं नाही, पण बघायला रोज यायच्या. जावई एकदा म्हणाले, "बाबा, तेहतीस वर्षांपूर्वी ही नदी इथे लाल झाली होती." तिथून माझं वाचन सुरू झालं.

ऱ्हाईन स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये उगम पावते आणि हॉलंडमध्ये समुद्राला मिळते. लांबी साधारण १,२३० किलोमीटर. इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कित्येक दशकं ज्ञानकोशांत आणि शाळेच्या पुस्तकांत ही लांबी १,३२० छापली जात होती. २०१० मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पूर्वी कधीतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि पुढचे सगळे तेच उतरवत गेले. फरक ९० चा. बँकेत टॅली लागेना की आमचे जुने हेडकॅशियर सांगायचे, फरकाला नऊने भाग जातोय का बघा, जात असेल तर आकडे उलटे पडलेत. ती युक्ती युरोपातल्या प्रकाशकांना ठाऊक नसावी.

या नदीचं पाणलोट क्षेत्र नऊ देशांत पसरलं आहे आणि त्यात सुमारे सहा कोटी माणसं राहतात. त्यांतल्या जवळपास तीन कोटींच्या पिण्याच्या पाण्याचा आधार हीच नदी. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्वात वरच्या मजल्यावर स्वित्झर्लंड, मधल्या मजल्यांवर फ्रान्स आणि जर्मनी, आणि तळमजल्यावर हॉलंड. वरच्यांनी काहीही सोडलं तरी ते शेवटी हॉलंडच्या छतातून उतरणार.

एकोणिसाव्या शतकात नदीला आधी सरळ करण्यात आलं. १८१७ मध्ये टुला नावाच्या इंजिनिअरच्या योजनेनुसार वळणं कापायला सुरुवात झाली आणि बाझल ते वर्म्स या टप्प्यात नदी सुमारे ८० किलोमीटरने आखूड झाली. पूर आणि मलेरिया कमी झाले, जहाजांची सोय झाली, पण उथळ पाण्याच्या जागा आणि बाजूचे ओढे तुटले. सामन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीतून वर चढून आपल्या जन्माच्या ओढ्यापर्यंत जातो. १८८५ च्या सुमारास ऱ्हाईनमध्ये वर्षाला अडीच लाख सामन पकडले जात. त्याच वर्षी काठावरच्या देशांनी सामनच्या मासेमारीबद्दल करारही केला, म्हणजे वाटून खाण्याची अक्कल तेव्हाही होती. पण नंतर धरणं आली, रसायनांचे कारखाने आले, रुहरचा कोळसा आणि पोलाद आलं, शहरांचं मैलापाणी आलं. १९५० च्या दशकात ऱ्हाईनमधला सामन संपला. लोक नदीला युरोपचं गटार म्हणू लागले.

तक्रार अर्थातच तळमजल्यावरून सुरू झाली. हॉलंडच्या पुढाकाराने ११ जुलै १९५० रोजी बाझलमध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि नेदरलँड्स या पाच देशांनी ऱ्हाईनच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. एकमेकांची शहरं बेचिराख केलेले देश सांडपाण्यावर बोलायला एका टेबलाशी बसले, हे लहान काम नव्हे. पण आयोगाच्या हातात अधिकार काहीच नव्हते. दंड नाही, जप्ती नाही, फक्त शिफारस. त्याला कायदेशीर पाया देणारा करारसुद्धा १९६३ मध्ये, तेरा वर्षांनी झाला. सुरुवातीची वर्षं गेली ती पाणी कुठे, कधी आणि कोणत्या पद्धतीने तपासायचं हे ठरवण्यात. वाचताना मला आधी हसू आलं. मग विचार केला, दोन शाखांची खाती जुळवायची असतील तर दोघांच्या नोंदी एका पद्धतीने नकोत का? नाहीतर वरचा म्हणणार माझ्याकडून स्वच्छ पाणी गेलं, आणि खालचा म्हणणार घाण आली, आणि दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे खरे!

आयोगाचं कार्यालय जर्मनीत कोब्लेंझला आहे. तिथली माणसं मोजकीच. अध्यक्षपद देशादेशांत फिरतं, पण सचिव परंपरेने डच असतो. म्हणजे सेक्रेटरी कायम तळमजल्यावरचा. ज्याच्या छतातून पाणी गळतं तो फाइल विसरत नाही.

तरीही नदी बिघडतच गेली. १९६९ च्या जूनमध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक पाण्यात गेलं आणि मासे प्रचंड प्रमाणात मेले. १९७१ च्या कोरड्या हंगामात पाण्यातला प्राणवायू काही भागांत इतका उतरला की तिथे काही जगणं कठीण झालं. मग मंत्री जागे झाले. १९७२ मध्ये हेग शहरात मंत्र्यांची पहिली परिषद भरली, आणि ३ डिसेंबर १९७६ रोजी बॉनमध्ये दोन करारांवर सह्या झाल्या. एक रसायनांबद्दल आणि दुसरा मिठाबद्दल. या दुसऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण बँकवाल्या माणसाला तिच्यात खरा रस आहे.

फ्रान्सच्या आल्सास भागात पोटॅशच्या खाणी होत्या. खतासाठी पोटॅश काढलं की मागे मीठ उरायचं, ते ऱ्हाईनमध्ये सोडून देत. दर सेकंदाला सुमारे १३० किलो क्लोराइड एवढ्या एका ठिकाणाहून! हॉलंडच्या सीमेवर जेवढं क्लोराइड पोचायचं, त्यात या खाणींचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक होता. खाली हॉलंडमध्ये हरितगृहांत भाजी आणि फुलं पिकवणारे शेतकरी त्याच पाण्यावर. खारट पाण्याने पीक मार खायचं. त्यांतल्या एका रोपवाटिकेने सरळ खाणीवर दावा लावला. खाण फ्रान्समध्ये, नुकसान हॉलंडमध्ये, मग कोर्ट कुठलं? प्रश्न युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला की जिथे घाण सोडली तिथे किंवा जिथे नुकसान झालं तिथे, दोन्हीकडे दावा लावता येईल. शेतकऱ्याला आपल्या गावच्या कोर्टात जाता आलं.

सरकारांनी जो मिठाचा करार केला त्यात खर्चाची वाटणी अशी होती: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के आणि हॉलंड ३४ टक्के. सर्वात मोठा वाटा कोणाचा, तर ज्याचं पीक गेलं त्याचा. जो घाण करेल तो पैसे भरेल, हे तत्त्व विकसित देशांच्या संघटनेने १९७२ मध्ये मान्य केलं होतं, आणि चार वर्षांत हा असा हिशेब! हॉलंडने ते का मान्य केलं असेल? बी विंगच्या त्या गृहस्थांनी जे केलं तेच. तत्त्वाच्या मागे लागून छत कोरडं होत नाही.

पण पैसे ठरले तरी काम झालं नाही. मिठाचं पाणी आल्सासमध्येच जमिनीत खोल सोडायचं ठरलं होतं. तिथले लोक बिथरले, आमच्या भूजलाचं काय? त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. फ्रान्सच्या संसदेत करार अडकला. डिसेंबर १९७९ मध्ये हॉलंडने पॅरिसमधला आपला राजदूत परत बोलावला. शेजारी मित्रदेश, आणि मिठावरून राजदूत माघारी! १९८५ मध्ये करार अमलात आला, १९९१ मध्ये त्यात पुरवणी जोडावी लागली, आणि पोटॅश संपून २००२ मध्ये खाणीच बंद झाल्या. तरी हॉलंडने आगाऊ भरलेल्या पैशांचा हिशेब शिल्लकच होता. तो लवादाकडे गेला आणि २००४ च्या मार्चमध्ये फ्रान्सने हॉलंडला रक्कम परत करावी असा निकाल झाला. धंदा बंद, खातं चालू. असे एनपीए मी पाहिलेले आहेत.

आपल्याकडेही तेव्हा नदीचाच वाद चालू होता. कृष्णेच्या पाण्यावर नेमलेल्या बछावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला आणि १९७६ मध्ये तो पक्का झाला. महाराष्ट्राला ५६० टीएमसी मिळालं. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत नवा होतो, आणि काउंटरवर येणारा प्रत्येक बागायतदार त्या आकड्यावर बोलायचा. पाणी किती, यावर सगळे भांडत होते. पाणी कसं, हे कोणी विचारत नव्हतं. उन्हाळ्यात एकदा वरच्या अंगाला कुठेतरी मळी सोडली गेली आणि घाटावर मेलेल्या माशांचा खच पडला. दोन दिवस वास होता, मग वाऱ्याची दिशा बदलली.

ऱ्हाईनकडे परत येतो. १ नोव्हेंबर १९८६ च्या मध्यरात्रीनंतर बाझलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत सुमारे १,३५० टन रसायनं होती. शहरात भोंगे वाजले, लोकांना दारं-खिडक्या लावून घरातच थांबा असं सांगितलं गेलं. अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून आग विझवली, पण ते विषारी पाणी अडवायला खड्डा नव्हता, टाकी नव्हती. ते थेट ऱ्हाईनमध्ये गेलं आणि त्याच्याबरोबर काही टन कीटकनाशकंही गेली. रंगामुळे नदी लाल दिसू लागली. पुढे सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत वाम माशांचा फडशा पडला. मेलेल्या वामांची संख्या दीड लाखाच्या घरात सांगतात. खालच्या देशांना पक्की माहिती उशिरा पोचली, त्याचा संताप वेगळाच. विषाची लाट उत्तरेकडे सरकत गेली तशी काठावरची जलशुद्धीकरण केंद्रं एकामागून एक नदीतून पाणी उचलणं बंद करत गेली.

आणि इथेच इतिहासाने वळण घेतलं. आतापर्यंत वरचा मजला म्हणजे स्वित्झर्लंड, स्वच्छ बर्फाचा देश. त्याच्याच घरातून हे व्हावं! आता कोणालाच खालच्याला गप्प करता येईना. दोन महिन्यांत मंत्री दोनदा भेटले, आणि १ ऑक्टोबर १९८७ रोजी स्ट्रासबर्गला ऱ्हाईन कृती कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ठरलं की घातक पदार्थांचं नदीत जाणारं प्रमाण १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचं. अपघाताची सूचना तातडीने खाली द्यायची. आणि २००० सालापर्यंत सामन मासा परत आणायचा.

आता गंमत बघा. मिठाचा करार कायद्याने बांधणारा होता, सह्या-शिक्क्यांचा, टक्केवारीसकट, आणि तो तीस वर्षं रखडला. हा कृती कार्यक्रम कायद्याने कोणालाच बांधत नव्हता. कोणी कोणाला पैसे द्यायचे नव्हते. प्रत्येकाने आपल्या घरातली दुरुस्ती आपल्या खर्चाने करायची आणि मोजलेले आकडे सगळ्यांसमोर ठेवायचे, एवढंच. आणि हा मुदतीत पार पडला! यादीतल्या बहुतेक पदार्थांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं. डॉक्युमेंटेशन पक्कं तर कर्ज पक्कं, असं मानण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला. सगळं श्रेय त्या कार्यक्रमालाही देऊ नये. सत्तरच्या दशकापासून जर्मनीत आणि इतरत्र सांडपाण्याचे कायदे कडक झाले होते, शहरांनी शुद्धीकरण प्रकल्पांवर अफाट खर्च केला होता. जमीन तयार होती. पण आकडे दर वेळी शेजाऱ्यांसमोर वाचायचे म्हटलं की माणूस कसा वागतो, हे थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावून मी स्वतः पाहिलं आहे.

सामनची निवड ज्याने केली तो हुशार असला पाहिजे. हा मासा समुद्रातून शिरतो, सगळे देश ओलांडतो आणि शेवटी डोंगरातल्या लहानशा ओढ्यात, स्वच्छ वाळू-गोट्यांत अंडी घालतो. एक जरी मजला घाण असला किंवा एक जरी दार बंद असलं, तरी तो येत नाही. त्यामुळे नुसती मोठी नदी सुधारून भागेना, उपनद्या आणि ओढेही मोकळे करावे लागले. मूळचा वंश संपलेला होता, म्हणून बाहेरच्या नद्यांमधली अंडी आणून पिल्लं वाढवून सोडली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या झीग या उपनदीत समुद्रातून परतलेले मोठे सामन सापडू लागले. जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या इफेत्सहाइम धरणाला २००० मध्ये आणि गाम्ब्सहाइमला २००६ मध्ये माशांसाठी जिने बांधले गेले. पुढे स्ट्रासबर्गला २०१६ मध्ये, गेर्स्टहाइमला २०१९ मध्ये. हॉलंडने समुद्राच्या तोंडाशी १९७० मध्ये बांधलेला हारिंगफ्लीटचा बांध २०१८ पासून थोडा किलकिला ठेवतात, मासे आत यावेत म्हणून. तळमजल्यालाही आपलं दार उघडावं लागलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. वरच्या अंगाला फ्रान्सची काही धरणं अजून माशांना बंद आहेत, त्यामुळे बाझलपर्यंतचा रस्ता पूर्ण खुला नाही. वर्षाला परतणारे सामन शेकड्यांत मोजावे लागतात, आणि पिल्लं सोडणं थांबवलं तर ते टिकतील याची खात्री नाही. औषधांचे अंश साध्या शुद्धीकरणाने निघत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये ॲमस्टरडॅमला पुढच्या वीस वर्षांचा नवा कार्यक्रम ठरला, त्यात हे सगळं परत आहेच. आपल्या मागच्या ओढ्याच्या काठावर आज जी मुलं क्रिकेट खेळतात, ती तोवर मोठी झालेली असतील.

परतीच्या आधी जावयांनी आम्हाला गाम्ब्सहाइमला नेलं. तिथे माशांच्या जिन्याला खाली काचेची खिडकी आहे, आत हिरवट पाणी. शाळेची पोरं काचेला नाक लावून उभी होती. मी पाऊण तास थांबलो. मिशावाले दोन मोठे मासे प्रवाहाशी झगडत स्थिर उभे होते, मग झटक्यात वर गेले. लहान बरेच गेले. सामन काही दिसला नाही. सौ. दोनदा म्हणाल्या, "अहो, चला आता, पोरं खोळंबलीत." संध्याकाळी घरी आल्यावर सवयीप्रमाणे डायरीत नोंद केली: सामन शून्य, मिशावाले दोन, बाकी मोजता आले नाहीत.